देवघेवीच्या टेबलासमोर

नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात मी टर्नर होतो. उमेदीची सगळी वर्षं लेथवर गेली. कारखान्यानं माणसं कमी करायला घेतली तेव्हा मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, आणि सकाळी नऊनंतरचा दिवस एकदम मोकळा पडला. घरी बसून टीव्ही तरी किती बघणार? मुलगी म्हणाली, "पप्पा, चौकात वाचनालय आहे ना, तिथं जाऊन बसत जा."

सिडको वसाहतीत संसार झाला, मुलं इथंच मोठी झाली. त्या दारावरून मी रोज ये-जा केली, पण आत कधी पाय टाकला नव्हता. समाजमंदिराला लागून दोन खोल्या, वर पत्रा, बाहेर पाटी: सार्वजनिक वाचनालय, शासनमान्य, वर्ग ड. नाशिकमध्ये मोठं, जुनं, 1840 सालचं सार्वजनिक वाचनालय आहे, त्याला सगळे 'सावाना' म्हणतात, एवढं ऐकून होतो. हे आमचं त्याच्यापुढं अगदीच लहान.

पहिली खोली वृत्तपत्रांची. तिथं बसायला पैसे लागत नाहीत, सभासद असावं लागत नाही. दाराशी एका स्टुलावर वही असते, तिच्यात नाव लिहून सही करायची आणि बसायचं. मी सही केली, पण ती कशासाठी हे कळेना. लांब टेबलावर पेपर सुटे करून ठेवलेले. मधलं पान एकाकडे, खेळाचं पान दुसऱ्याकडे, आणि कुणीही कुणाच्या हातातलं मागत नाही. वाचून झालं की माणूस पान टेबलावर मधोमध सरकवतो, ज्याला हवं तो उचलतो. रात्रपाळी करून आलेला एक वॉचमन, दोन-तीन पेन्शनर, चौकातला एक रिक्षावाला. बोलणं जवळजवळ नाही. मला कुठं बसावं, कोणतं पान आधी घ्यावं, काही समजेना. शेवटी एकानं खुर्ची मागं सरकवून जागा करून दिली.

त्यातल्या एका आजोबांकडे माझं लक्ष सारखं जायचं. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. पेपरातलं शब्दकोडं ते सोडवतात, पण पेपरावर नाही. खिशातून चौकटीची वही काढतात, पट्टी आणि पेन्सिल घेऊन कोड्याची चौकट जशीच्या तशी वहीत उतरवतात, काळी घरं रंगवतात, बारीक आकडे टाकतात, आणि मग सोडवायला घेतात. नुसती चौकट काढण्यात वीस-पंचवीस मिनिटं जातात. मी विचारलं, "अण्णा, पेपर तर संध्याकाळी रद्दीतच जाणार. त्याच्यावरच लिहिलं तर?" ते म्हणाले, "दुपारी दुसरा कोणी येतो. त्याला कोरं मिळायला नको?" आणि पुन्हा पट्टी लावून रेघ मारू लागले. मी आयुष्यभर मायक्रोमीटरनं मापं घेतली आहेत. हाताचा असा नेमकेपणा मला ओळखता येतो. त्यांच्या वहीतली चौकट छापल्यासारखी होती.

दुसऱ्या खोलीत पुस्तकं आणि देवघेवीचं टेबल. टेबलामागं ताई बसतात. ग्रंथपाल त्याच, हिशेब ठेवणाऱ्या त्याच, सकाळी झाडू मारणाऱ्याही त्याच. सभासद व्हायचं म्हटल्यावर त्यांनी एक छापील अर्ज दिला. नाव, पत्ता, व्यवसाय, ओळखपत्राची झेरॉक्स, अनामत रक्कम, महिन्याची वर्गणी. एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. हे सगळं समजलं. खाली एक ओळ होती: शिफारस करणाऱ्या सभासदाची सही. माझ्या ओळखीचं तिथं कोणीच नव्हतं. मी अर्ज हातात धरून उभा राहिलो. ताईंनी पलीकडच्या खोलीत बघून हाक मारली, "अण्णा, जरा या हो. दादांच्या अर्जावर सही हवीय." अण्णा आले, अर्ज पूर्ण वाचला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि सही केली. मी पुस्तक बुडवलं तर त्यांच्याकडे विचारणा होणार, हे त्या अर्जावरच छापलेलं आहे. ज्या माणसाला आपलं नावही नीट माहीत नाही, त्याच्यासाठी कुणी असं जामीन राहतं, हे मी बँकेत, सोसायटीत, कुठंही पाहिलं नव्हतं.

मग ताईंनी विचारलं, "कोणतं पुस्तक देऊ?"

इथं मी पुरता अडलो. मला कोणतं पुस्तक हवंय ते मला माहीत नव्हतं. दहावीनंतर आयटीआय, त्यानंतर वाचली ती ड्रॉइंग्ज, मशीनची माहितीपुस्तकं आणि पेपर. ताई म्हणाल्या, "बघा मग कपाटात, आवडेल ते घ्या," आणि किल्ली दिली. कपाटं उघडली तर गोंधळ आणखी वाढला. सगळी पुस्तकं एकसारखी! पुठ्ठा बांधणी केलेली, वरून खाकी कागद चढवलेला, पाठीवर शाईनं लिहिलेला एक आकडा आणि एक अक्षर. काहींवर नाव होतं, काहींवरचं पुसलेलं. चित्र नाही, रंग नाही. दुकानात पुस्तक निदान आपल्याकडे बघतं. इथं सगळ्यांनी पाठ फिरवलेली. मी एक काढलं, उघडलं, ते भारतीय बैठकीच्या खेळांवर होतं. त्याच्या शेजारचं काढलं, ते नाटक. तिसरं मधुमेहाच्या आहाराचं. हे असं शेजारी शेजारी कसं?

ताईंनी उठून समजावलं. पाठीवरचा आकडा म्हणजे दाखल क्रमांक. पुस्तक वाचनालयात आलं की मोठ्या रजिस्टरात त्याची नोंद होते आणि त्याला पुढचा क्रमांक मिळतो. विषयाशी त्याचा संबंध नाही, फक्त आलं कधी याच्याशी आहे. शेजारचं अक्षर विषयाचं: 'का' कादंबरी, 'च' चरित्र, 'ना' नाटक, 'प्र' प्रवास. मोठ्या ग्रंथालयात ड्यूई नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाची 1876 सालची दशांश पद्धत वापरतात. तिच्यात सगळ्या ज्ञानाचे दहा वर्ग, त्यांचे पुन्हा दहा दहा भाग, आणि मराठी साहित्याला 891.46 हा आकडा. आमच्याकडे कादंबऱ्यांची दोन कपाटं तेवढी वेगळी लागली आहेत, बाकीचं दाखल क्रमांकानं. जागा नाही आणि लावायला माणूस नाही, हेच त्याचं कारण.

दशांश म्हटल्यावर मला जरा धीर आला. कारखान्यातल्या जॉबकार्डसारखंच होतं हे: आकड्यावरून वस्तू कुठली, कधीची, कुठं ठेवायची, सगळं कळायचं. मी ताईंना ते दाखलनोंद रजिस्टर बघायला मागितलं. त्यांना नवल वाटलं, पण दिलं.

ते रजिस्टर मी दोन-तीन दुपारी बसून वाचलं. तारीख, लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, पानं, किंमत, आणि शेवटच्या रकान्यात 'खरेदी' किंवा 'देणगी'. सुरुवातीच्या पानांवर जवळजवळ सगळी देणगी. किंमत साडेतीन रुपये, पाच रुपये. वसाहत नवी होती, लोक कारखान्यांत लागले होते, कुणी गावाकडून आणलेली वडिलांची पुस्तकं देऊन टाकली होती. बऱ्याच ठिकाणी शेरा आहे, 'यांच्या स्मरणार्थ'. एका पानावर एकाच तारखेला एकाच घरातून आलेली पुस्तकं ओळीनं आहेत, सगळी संगीतावरची. कुणाच्या तरी घरातलं कपाट त्या दिवशी रिकामं झालं असणार. पुढं 'खरेदी' वाढत जाते. मग काही नोंदींपुढं कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानचं नाव येऊ लागतं; 1972 साली स्थापन झालेली ही केंद्राची संस्था देशभरच्या ग्रंथालयांना पुस्तकं पुरवते. माझ्या वसाहतीत, माझ्या गल्लीत कोण काय वाचत होतं, हे मला शेजारी राहून कधी कळलं नव्हतं. ते या रजिस्टरात दिसलं.

शिक्क्यांचंही असंच. पहिल्या पानावर शिक्का असतो हे ठीक, पण आत मधेच एका पानावर तोच शिक्का आणि दाखल क्रमांक पुन्हा दिसला. दुसरं पुस्तक उघडलं, त्यातही त्याच आकड्याच्या पानावर. ताई म्हणाल्या, प्रत्येक ग्रंथालयाचं एक ठरलेलं पान असतं. कुणी पहिलं पान फाडून पुस्तक आपलं म्हणून ठेवलं, तरी आतल्या त्या पानावरून ओळख पटते. आमच्या वाचनालयाचं पान कोणतं, ते मी इथं लिहीत नाही.

पण पुस्तक कोणतं न्यायचं, हा प्रश्न उरलाच. ताईंनी तो वेगळ्या बाजूनं सोडवला. कोणता लेखक आवडतो वगैरे त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "दादा, मूळ गाव कोणतं?" मी म्हटलं, सिन्नरकडचा, कोरडवाहू. "घरी जनावरं होती?" मेंढ्या होत्या, आजोबांच्या. "दुष्काळ आठवतो का?" बहात्तरचा दुष्काळ मी ऐकूनच मोठा झालो, आईच्या तोंडून. त्या उठल्या आणि एक बारीकसं पुस्तक काढून आणलं. व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी'. 1955 साली आलेलं. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर नव्यानं जातो, शाळेत पोरं नाहीत, वाडी त्याला ओळखत नाही, आणि हळूहळू तो त्यांच्यातला होतो. मग पाऊस दडी मारतो. मी ते दोन बैठकींत संपवलं. माझ्या आजोबांच्या अंगाला येणारा मेंढरांचा वास त्या पानांना होता. आपल्यासारख्यांच्या घरातलं कुणी असं लिहून ठेवलंय, तेही माझ्या जन्माआधी, आणि ते चौकात चालत जायच्या अंतरावर एवढी वर्षं पडून होतं.

फोनवर सगळं मिळतं, मग वाचनालय कशाला, असं मला जावई म्हणाले. ते शिकलेले आहेत, चांगल्या मनानं म्हणाले. पण फोनला आधी सांगावं लागतं काय हवंय ते. ज्याला तेच माहीत नाही त्यानं काय टाइप करायचं? ताईंनी मला मेंढ्यांबद्दल विचारलं. माझ्या मते वाचनालयाचं खरं काम हे आहे: काय मागायचं हेच ज्याला ठाऊक नाही, त्यालाही तिथं उभं राहता येतं, आणि समोरचं माणूस त्याला रिकाम्या हातानं परत पाठवत नाही. त्यासाठी इमारत मोठी लागत नाही. सगळी पुस्तकं उघडून पाहिलेलं एक माणूस लागतं.

भिंतीवर फेटेवाल्या एका गृहस्थांचा फोटो आहे. मला वाटलं संस्थापक असतील. ते डॉ. एस. आर. रंगनाथन, त्यांच्या नावानं 12 ऑगस्टला देशभर ग्रंथपाल दिन पाळतात. ताईंनी त्यांची गोष्ट सांगितली ती मला फार धीर देणारी वाटली. हे मूळ गणिताचे शिक्षक. 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच आठवड्यांत इतके कंटाळले की मला परत शिकवायला पाठवा म्हणून विद्यापीठाकडे गेले. विद्यापीठानं सांगितलं, आधी लंडनला जाऊन हे शास्त्र शिकून या, तरीही नको वाटलं तर बघू. ते गेले, तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली, आणि गल्लीतला साधा माणूससुद्धा तिथं येऊन बसतो हे पाहून आले ते जन्मभराचं काम घेऊनच. पुढं 1931 साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांतला एक मला पुन्हा पुन्हा आठवतो: कपाटात पडलेल्या प्रत्येक पुस्तकाचा कुणीतरी वाचक असतोच, तो शोधून द्यायचा.

तो शोध किती लांबतो, हे पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या तारखांच्या पट्टीवर दिसतं. 'बनगरवाडी'ची पट्टी भरून वर दुसरी चिकटवली होती. पण त्याच्यानंतर ताईंनी मला लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' दिलं, त्याच्या पट्टीवर शेवटचा शिक्का फार जुना. लक्ष्मीबाई आमच्याच जिल्ह्यातल्या, जलालपूरच्या. लग्न होईपर्यंत त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि नवऱ्यानं शिकवल्यावर त्यांनी एवढं पुस्तक लिहिलं. नाशिकमध्ये जन्म काढून मला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं याचं वाईट वाटलं. बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. आता ती भाजी चिरताना विचारते, "पुढं काय झालं लक्ष्मीबाईंचं?"

संध्याकाळी वाचनालयाचं रूप वेगळं असतं. मागच्या पडवीत अभ्यासिका केली आहे: आठ टेबलं, ट्यूबलाइट, एक पंखा. तिथं पोलीस भरतीची, तलाठ्याची, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली बसतात. एका मुलीला मी विचारलं, घरी का नाही अभ्यास करत? ती म्हणाली, "काका, एक खोली, सहा माणसं आणि टीव्ही." तिच्या टेबलावर पाण्याची बाटली, कोपऱ्यात घडी केलेला स्वेटर. ती वाचनालयातलं एकही पुस्तक घरी नेत नाही. तिला फक्त शांतता आणि उजेड हवा. काहीजण म्हणतात, अशांना सभासद कशाला धरायचं, ही काय वाचणारी मुलं? मला हे अजिबात पटत नाही. ज्या घरात बसायला कोपरा नाही, त्या घरातल्या पोरीला कोपरा देणं यापेक्षा सार्वजनिक काय असतं?

दाराशी ती सही कशाला, हे मला याच सुमारास कळलं. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 सालचा. त्याखाली मान्यता मिळालेली ग्रंथालयं राज्यात अकरा हजारांच्या आसपास आहेत, आणि पुस्तकं, सभासद, वृत्तपत्रं, उघडं राहण्याचे तास अशा गोष्टी बघून त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडतात. वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान. ड म्हणजे सगळ्यात खालची पायरी, सगळ्यात कमी अनुदान. त्यातूनच पेपरचं बिल, वीजबिल, नवी पुस्तकं आणि ताईंचं मानधन. वर्षाला तपासणी होते, साहेब येतात, रजिस्टरं बघतात. आलेल्या माणसांची वही हा पुरावा असतो. लोक येतात पण सही न करताच बसतात, मग कागदावर वाचनालय ओस पडलेलं दिसतं. वॉचमन, रिक्षावाला, अण्णा, मी, आमच्या सह्यांवर त्या दोन खोल्या उभ्या आहेत. हे समजल्यापासून मी दाराशी कुणी नवा माणूस दिसला की आधी वही पुढं करतो.

ताईंच्या मानधनाचा आकडा मी विचारला नाही. मात्र ग्रंथालयातल्या माणसांना वेतनश्रेणी द्या ही मागणी राज्यभर किती वर्षं चाललीय ते त्यांच्याकडून ऐकलं. ग्रंथपालाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेली, हजारो पुस्तकं तोंडपाठ असलेली बाई हंगामी मजुरीच्या पैशांत काम करते, हे मला सहन होत नाही. कारखान्यात आम्ही कुशल कामगाराला कुशल म्हणूनच मोजायचो, आणि नाही मोजलं तर गेटवर बसायचो.

दिवाळीनंतर तर मी पुन्हा नवखाच झालो. महाराष्ट्रात 1909 साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही रीत चालत आलीय, हे ताईंनी सांगितलं. वाचनालय दरवर्षी जमतील तेवढे दिवाळी अंक घेतं आणि वेगळी वर्गणी भरली की सगळे आळीपाळीनं वाचायला मिळतात. टेबलावर खाकी वेष्टणांचा ढीग आणि त्याभोवती बायकांची गर्दी, एवढी मी तिथं कधी पाहिली नव्हती. कुणाला पाककृतींचा हवा, कुणाला राशिभविष्याचा, कुणाला कथांचा. अंक तीन दिवसांत परत करायचा, कारण पुढचा माणूस थांबलेला असतो. एक आजी नातवाला पाठवतात आणि चिठ्ठीवर लिहून देतात, "आधीचा वाचलेला देऊ नये." ताई त्यांच्या नावापुढं बघून बरोबर न वाचलेला काढतात. कोणी काय वाचलं हे वहीत असतं, पण बहुतेक वेळा त्या वही उघडतच नाहीत.

टेबलाच्या कडेला दोरीनं बांधलेली एक मागणी वही आहे. ज्याला जे पुस्तक हवं ते त्यानं लिहायचं, आणि अनुदानाचा हप्ता आला की त्यातून खरेदी होते. अभ्यासिकेतल्या पोरांनी पोलीस भरतीचा नवा संच लिहिलाय. कुणीतरी टेरेसवर भाजीपाला लावायचं पुस्तक मागितलंय. एका बाईंनी साने गुरुजींच्या 'श्यामची आई'ची नवी प्रत मागितलीय, कारण जुनीची पानं सुटून आलीत आणि शेवटचं प्रकरणच राहिलेलं नाही. ते पुस्तक 1933 साली गुरुजींनी इथल्याच नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं; ते आमच्याकडे अर्धवट असावं हे ताईंनाही लागलं. त्यांनी त्या ओळीपुढं लाल शाईनं 'प्रथम' असं लिहिलं.

त्याच्या खाली मी माझी मागणी लिहिली: लेथवर नव्यानं लागलेल्या पोरांसाठी मराठीतून काही असेल तर ते. ताईंनी विषय नीट विचारून घेतला, कटिंग टूलचे कोन म्हणजे काय तेही विचारलं, आणि म्हणाल्या, "दादा, बाजारात असलं तर मार्चनंतरच्या यादीत घालते. नसलं तर सावानात विचारते. तिथंही नसलं तर तुम्ही लिहायला घ्या, कागद मी देते."